चढ वजा उतार

जगात जे जे वर जाते ते ते शेवटी खाली येते, आणि म्हणून सगळा जमाखर्च मांडल्यावर पृथ्वी सपाटच ठरते, हा विचार पेलायला माणसाजवळ मोठी दूरदृष्टी लागते. वर्गीकरण अधिकाऱ्यांजवळ ती होती. शिवाय त्यांच्याजवळ एक टेबल होते, टेबलावर जंगलाचा नकाशा होता, नकाशावरच्या वाटांची लांबी मोजायला निळ्या लोकरीचा एक धागा होता, आणि ज्या जंगलातल्या वाटांचे ते चौदा वर्षे वर्गीकरण करत आले होते त्या जंगलात त्यांनी अजून पाऊल टाकलेले नव्हते.

वाटेच्या तोंडाशी जो फलक लागतो त्यावर 'सपाट', 'मध्यम' की 'अवघड' लिहायचे, हे ठरवणे म्हणजे वर्गीकरण. ते येण्यापूर्वी हे काम वनरक्षकांच्या सांगण्यावर चाले. जुन्या फायलींत 'बऱ्यापैकी दमवते', 'गुडघे बोलू लागतात', 'नको' असे शेरे सापडत. अधिकाऱ्यांनी या गोंधळात शास्त्र आणले. वाट सुरू होते तिथली उंची आणि संपते तिथली उंची यांची वजाबाकी करायची आणि तिला लांबीने भागायचे. आकडा मोठा आला तर वाट अवघड, लहान आला तर सपाट. पायथ्यापासून निघून माथ्यावर संपणाऱ्या वाटांना हे सूत्र बरे लागू पडे. पण जंगलात सायकलवाल्यांची एक अकरा किलोमीटरची फेरी होती. ती वाहनतळापासून निघे, डोंगराला वळसा घालून त्याच्या डोक्यावर चढे, पलीकडून खडकांतून कोसळे आणि परत वाहनतळाशी येऊन टेके. जिथून निघाली तिथेच आली. वजाबाकी शून्य. शून्याला अकराने भागले. पुन्हा शून्य. अधिकाऱ्यांनी ते दोनदा पडताळून पाहिले आणि फलक रंगवून घेतला: 'सपाट. वेळ दीड तास. सहकुटुंब यावे.'

आता त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते, आणि सूत्राचे भाग्य उजळले होते. मुख्यालय सगळ्या नऊ जंगलांसाठी एक मार्गदर्शिका छापणार होते. तिच्या सातव्या प्रकरणात हे सूत्र येणार होते आणि पानाच्या तळाशी, बारीक टाइपात, सूत्रकर्त्याचे नाव. लग्नपत्रिकेनंतर त्यांचे नाव छापून येण्याचा हा पहिलाच योग होता. लग्नपत्रिकेतही नजर आधी वधूच्या नावाकडे जाते.

अशा ऐन मोक्याला तक्रार आली.

तक्रार भूगोलाच्या एका निवृत्त शिक्षिकेची होती. चार पाने, समास सोडलेला, सोबत रंगीत पेन्सिलींनी काढलेला डोंगराचा उभा छेद. पत्र वाचून संचालक साहेबांनी दोघांनाही एकाच वेळी बोलावले, कारण त्यांच्या खोलीत पाहुण्यांसाठी दोनच खुर्च्या होत्या आणि त्या दोन्ही भरल्याशिवाय त्यांना बैठक झाल्यासारखे वाटत नसे.

"बत्तीस वर्षं मी मुलांना समोच्च रेषा शिकवल्या," बाई म्हणाल्या. त्या किडकिडीत, ताठ पाठीच्या होत्या आणि समोरच्या माणसाकडे तो गृहपाठ विसरला आहे अशा नजरेने बघत. "या फेरीत नकाशावर अशा सव्वीस रेषा ओलांडाव्या लागतात. जाताना सव्वीस, येताना सव्वीस. तुम्हाला किती दिसल्या?"

"रेषा मी नाकारत नाही," अधिकारी म्हणाले. "पण बाई, येतानाच्या सव्वीस जातानाच्या सव्विसांना खोडून टाकतात."

"म्हणजे मी निघाले तिथेच परत आले, म्हणून मी कुठे गेलेच नाही?"

"कार्यालयाच्या दृष्टीने, नाही."

"आणि तिसऱ्या किलोमीटरला मी दगडावर बसून राहिले, ती कोण?"

अधिकाऱ्यांनी रंगीत छेदाची घडी घालून तो बाजूला ठेवला. एकेका व्यक्तीच्या बसण्याउठण्यावर शास्त्र उभे राहत नसते.

संचालक साहेबांनी नियमावली उघडली. नियमावलीत 'सपाट'ची व्याख्या होती, आणि तीही अधिकाऱ्यांच्याच हातची: 'सर्वसाधारण प्रकृतीच्या व्यक्तीस सायकलवरून न उतरता, विश्रांती वगळून दीड तासात पार करता येण्याजोगी.'

"सोपं आहे," साहेब म्हणाले. त्यांना कामे सोपी करून दुसऱ्याकडे देण्याची हातोटी होती. "तुमची प्रकृती सर्वसाधारण आहे ना?"

"वयाच्या मानाने उत्तम आहे, साहेब."

"मग येत्या शनिवारी तुम्ही स्वतः फेरी मारा. बाई साक्षीदार. न उतरता पुरी केलीत तर फलक राहील, प्रकरण सातवं छपाईला जाईल. उतरलात तर दोन्ही रद्द. आहे काय आणि नाही काय."

अधिकाऱ्यांनी शेवटची सायकल चालवली होती ती नववीत असताना, आणि तीही शेजाऱ्यांची, त्यांना न विचारता. पण चौदा वर्षे शून्यावर विश्वास ठेवलेला माणूस ऐन वेळी कच खात नाही. त्यांनी मान डोलावली.

घरी बायकोने ऐकले आणि हातातली इस्त्री उभी करून ठेवली.

"अहो, तुम्हाला तीन जिने चढताना धाप लागते."

"जिन्याची गोष्ट वेगळी. जिना म्हणजे फेरी नव्हे."

"का? सकाळी उतरता, संध्याकाळी चढता. येऊन जाऊन शून्यच की. मग पाण्याचे जार उद्यापासून तुम्हीच वर आणत जा."

अधिकारी वर्तमानपत्रात शिरले. बायकोने इस्त्री पुन्हा हातात घेतली आणि भावाला फोन लावला, कारण तिच्या भावाचे सायकली भाड्याने देण्याचे दुकान नेमके त्या फेरीच्या तोंडाशी होते.

मेहुण्याच्या दृष्टीने हा प्रश्न शास्त्राचा नव्हता, पोटापाण्याचा होता. 'सपाट. सहकुटुंब यावे' हा फलक वाचून सहकुटुंब येणारी माणसे त्याच्याकडून एकदम पाच पाच सायकली नेत. त्यातल्या दोन-तीन सायकली ती माणसे परत आणत, आणि उरलेल्या तो स्वतः संध्याकाळी जीपमधून आणे, माणसांसकट. फलकावर 'अवघड' आले असते तर त्याच्याकडे नुसते अवघड लोक आले असते, आणि त्यांच्याकडे स्वतःच्या सायकली असतात.

"भाऊजी, तुम्ही काही काळजी करू नका," तो शनिवारी सकाळी म्हणाला. "तुमच्यासाठी ही ठेवलीय. पुढे-मागे शॉकअप, अठ्ठावीस इंची पुरुषी माप."

अधिकाऱ्यांनी सायकलीभोवती एक प्रदक्षिणा घातली. पायजम्यासारखी सैल पँट त्यांनी घोट्याशी सेफ्टी पिनांनी आवळली होती आणि पाठीवरच्या पिशवीत फाइल होती.

"हिला स्टँड नाही."

"नसतो."

"मग उभी कशी राहते?"

"उभी राहत नाही. चालते, नाहीतर आडवी असते."

"कॅरियर? घंटी?"

"घंटी कुणाला वाजवणार, भाऊजी? झाडं काही बाजूला होत नाहीत."

सीट अधिकाऱ्यांनी स्वतःच तपासली. ते तिच्यावर बसले, उठले, तिच्याकडे एकवार निरखून पाहिले आणि पुन्हा बसले. हेल्मेटचा पट्टा मेहुण्याने हनुवटीखाली आवळला तेव्हा त्यांचा चेहरा घट्ट बांधलेल्या बोचक्यासारखा झाला.

बाई आधीच तयार होत्या. त्यांच्याकडे बॅटरीवर चालणारी सायकल होती. पेडल नुसते दाखवायला फिरवायचे, चढ सायकल आपोआप चढते. ती त्यांना मेहुण्यानेच दिली होती. धंदा तो धंदा.

"हा अन्याय आहे," अधिकारी म्हणाले.

"मी साक्षीदार आहे," बाई म्हणाल्या. "साक्षीदाराला घाम आला पाहिजे असं तुमच्या नियमात कुठे आहे?" त्यांनी गळ्यात दोरीने वही अडकवली होती. पानावर पट्टीने रकाना आखलेला होता: 'उतरले'.

पहिले चारशे मीटर वाट खरोखरच सपाट होती. दोन्ही बाजूंना उंच सरळ झाडे, खाली सुकलेल्या पानांचा मऊ थर, मधून मधून उन्हाचे कवडसे. अधिकाऱ्यांची सायकल थोडी डुलत होती, पण चालत होती. त्यांना एकाएकी आपण तरुण असल्यासारखे वाटले. "लिहून घ्या," ते मागे न बघता म्हणाले. मागे बघितले असते तर पडले असते.

मग वाट डावीकडे वळली आणि झाडांच्या मुळांवर चढली. मुळे मनगटाएवढी, दमट, गुळगुळीत, पायऱ्यांसारखी एकावर एक. फक्त पायऱ्या करणाऱ्याने वर जाणाऱ्याचा विचार केलेला असतो.

"भाऊजी, हलका गिअर टाका," वाट दाखवायला पुढे निघालेला मेहुणा ओरडला.

"हलका म्हणजे कुठला? लहान चाक की मोठं?"

"पुढचं लहान, मागचं मोठं."

"एक काय ते सांग."

हा संवाद चालू असताना सायकल थांबली. ती थांबल्यावर अधिकारी क्षणभर तसेच बसून राहिले, नाकासमोर बघत, एखाद्या तैलचित्रासारखे. मग जुने कपाट कलंडावे तसे ते अतिशय सावकाश, सायकलीसकट, डाव्या अंगाला आडवे झाले.

बाईंनी पेन्सिल काढली. "उतरले, एक."

"थांबा." जमिनीवरून आवाज आला. अधिकाऱ्यांचा एक पाय अजून सायकलीच्या अलीकडे होता आणि दुसरा पलीकडे. त्यांनी तो तसाच ठेवला. "मी उतरलेलो नाही."

"जमिनीवर आहात तुम्ही."

"पडलोय. पडणं आणि उतरणं यात फरक आहे. उतरायला इच्छा लागते. माझी इच्छा नव्हती."

"बरोबर आहे भाऊजींचं," मेहुणा म्हणाला. "घोड्यावरून पडलेल्या माणसाला आपण घोड्यावरून उतरला म्हणत नाही."

बाईंनी विचार केला. त्या कडक होत्या, पण अन्यायी नव्हत्या. बत्तीस वर्षे त्यांनी चुकीच्या उत्तरातल्या बरोबर पायऱ्यांना गुण दिले होते. त्यांनी पट्टी लावून शेजारी दुसरा रकाना आखला, वर 'पडले' लिहिले आणि त्यात एक रेघ ओढली.

आता अडचण अशी होती की उठायचे तर सायकलवरून उतरावे लागणार. मेहुण्याने यावर तोडगा काढला. त्याने माणूस आणि सायकल मिळून एकदमच उचलले, चौकात पुतळा बसवतात तसे, आणि उभे करून मागून धक्का दिला. उचलण्याविरुद्ध नियमात काही नव्हते. नियम लिहिताना ही शक्यता कुणाला सुचलीच नव्हती.

पुढचे दोन किलोमीटर अधिकारी या पद्धतीने चढले. चार पेडल मारायचे, पडायचे, उभे केले जायचे. पडताना अंग चढाच्या दिशेला झोकून दिले तर पाऊण सायकलभर अंतर आपसूक पदरात पडते, हे त्यांच्या सहाव्या पडण्यात लक्षात आले, आणि अकराव्यापर्यंत त्यांनी त्यात चांगली गती मिळवली. मध्ये एक ओढा आला. त्यावर दोन फळ्यांचा पूल होता. अधिकारी पुलावरून गेले नाहीत, शेजारून गेले. तो बारावा.

"हे सर्कशीत चालतं," बाई शांतपणे म्हणाल्या आणि बॅटरीच्या जोरावर पलीकडच्या काठाला जाऊन थांबल्या.

तिसऱ्या किलोमीटरला वाटेच्या कडेला एक पसरट दगड होता. मेहुण्याला जरा दम खायचा होता. पुतळ्याचे वजन ऐंशी किलो होते. त्याने अधिकाऱ्यांची सायकल एका झाडाला टेकवून उभी केली, त्यांच्यासकट, आणि स्वतः पाणी प्यायला बाजूला गेला. अधिकारी सीटवर बसल्या बसल्या झाडाला मिठी मारून राहिले. बाई दगडावर टेकल्या. त्यांनी पेपरमिंटची एक गोळी स्वतः घेतली आणि एक त्यांच्या तोंडाजवळ धरली, कारण त्यांचे हात रिकामे नव्हते.

"हाच तो दगड," बाई म्हणाल्या.

"अच्छा."

"सून, मुलगा, नातवंडं पुढे गेली होती. मी इथे बसले. श्वास पुरेना. सून परत आली आणि म्हणाली, आई, बोर्डावर सपाट लिहिलंय, तुमचंच वय झालं असेल. वाईट मनाने नाही बोलली. लिहिलेलंच होतं ना तसं."

अधिकारी गोळी चघळत राहिले.

"मग मी डॉक्टरांकडे गेले. रक्त, छाती, सगळं तपासलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही झालेलं. म्हटलं, सपाट रस्त्यावर धाप लागते हो. ते म्हणाले, मग मोठ्या डॉक्टरांकडे जा. दोन महिने मी मोठ्या डॉक्टरांकडे जात होते. वजनाची पिशवी उचलणं बंद केलं. नातवाला कडेवर घेणं बंद केलं. मग एक दिवस माळा आवरताना शाळेचे जुने नकाशे निघाले, आणि म्हटलं बघू तरी. रेषा मोजल्या. परत मोजल्या." त्यांनी हातातला गोळीचा कागद नीट चौकोनी दुमडला. "तुम्हाला कल्पना नाही, अधिकारी, मला किती आनंद झाला. आणि नंतर किती राग आला."

अधिकाऱ्यांनी झाडाची साल निरखली. त्यावर मुंग्यांची एक रांग वर जात होती आणि एक खाली येत होती, आणि दोन्ही रांगा सारख्याच घाईत होत्या.

"तुमचं नाव येणार आहे ना पुस्तकात?" बाईंनी विचारले.

"तळटीपेत."

"तेही काही कमी नाही. माझं कुठेच नाही आलं. वेळापत्रकात सुद्धा 'भू.' एवढंच असायचं."

तेवढ्यात मेहुणा परत आला आणि त्याने अधिकाऱ्यांना झाडापासून सोडवले.

माथ्यावर पोहोचायला सव्वादोन तास गेले. त्यातला जमिनीवर पडून काढलेला वेळ, अधिकाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे, विश्रांतीत धरायचा होता. बाईंनी तो तसा धरला. पण आता बाईंच्या लक्षात आले की हे सांगताना अधिकाऱ्यांचा आवाज पूर्वीसारखा लागत नव्हता. ते खिडकीतून नोटा मोजून देणाऱ्या माणसासारखे सपाट सुरात बोलत होते.

"झालं भाऊजी, जिंकलो," मेहुणा म्हणाला. "आता नुसता उतार."

उतार हा आपल्या बाजूचा आहे, अशी अधिकाऱ्यांची चौदा वर्षे समजूत होती. सूत्रात तो वजा होता. चढाने जे घेतले ते तो परत देणार होता. त्यांनी विश्वासाने पुढे पाहिले. पुढे वाट नव्हतीच. टेबलाएवढाले खडक एकमेकांवर रचले होते, त्यांच्यामधून सायकलच्या चाकाएवढी एक काळी रेघ खाली जात होती, आणि पहिले वळण जिथे होते तिथे वळणाच्या पलीकडे नुसते आकाश होते.

"बूड मागे," मेहुणा सांगत होता. "सीटच्याही मागे. आणि काही झालं तरी पुढचा ब्रेक एकटा दाबायचा नाही."

"पुढचा कुठला?"

याचे उत्तर त्यांना प्रत्यक्ष मिळाले. सायकल जागच्या जागी थांबली आणि अधिकारी थांबले नाहीत. ते हँडलवरून पुढे गेले आणि नेच्यांच्या एका गर्द झुडपात पालथे विसावले. यावेळी सायकल मागेच राहिली होती. दोघांचा काही संबंध उरला नव्हता.

मेहुण्याने बाईंकडे पाहिले. बाईंनी झुडपाकडे पाहिले. नियमाचा कीस काढायचा म्हटले असते तर हीच ती वेळ होती.

"लागलं का?" बाईंनी विचारले.

"नाही," झुडूप म्हणाले.

"इच्छा होती?"

झुडूप थोडे हलले. "नव्हती," झुडूप अखेर खरे तेच म्हणाले.

बाईंनी 'पडले'खाली रेघ ओढली. मेहुण्याने सायकल झुडपात नेली, अधिकाऱ्यांच्या पायांमध्ये घातली आणि दोघांना मिळून बाहेर काढले.

त्यानंतर खाली येताना अधिकारी आणखी चार वेळा पडले, पण ही पडणी निराळी होती. चढावरची दमून होत. ही भीतीने होत. चढात माणूस आपण कधी पोहोचणार याचा विचार करतो, उतारात पोहोचल्यावर आपण किती उरणार याचा. हातांचे पंजे ब्रेक दाबून दाबून वाकडे झाले होते, आणि एका दाताचा कोपरा नाहीसा झाला होता. चढाने त्यांच्याकडून जे घेतले होते त्यातले उताराने तसूभरही परत दिले नाही. उलट आणखी मागितले. म्हणजे याची वजाबाकी होत नव्हती, हे अधिकाऱ्यांच्या अंगाला, डोक्याच्या आधी, पटले. ही बेरीज होती.

शेवटच्या किलोमीटरला खडक संपले आणि वाट सुटी झाली. इथे अधिकाऱ्यांनी, का कोण जाणे, दोन्ही ब्रेक सोडले. सायकल धावली. वळणे अंगाखालून आली आणि गेली, डोळ्यांतून पाणी आले, हेल्मेटमध्ये वारा शिरून शिट्टी वाजू लागली, आणि मागून मेहुणा "भाऊजी, ताई मला मारील" असे ओरडत होता तो हळूहळू ऐकू येईनासा झाला. वाहनतळावर ते पोहोचले तेव्हा थांबायचे कसे हे त्यांना सुचले नाही. फलक समोर आला. त्यांनी त्याला धडक दिली. तो तेविसावा.

बाई पाच मिनिटांनी आल्या. फलकाखाली अधिकारी उताणे पडले होते आणि 'सहकुटुंब यावे' ही ओळ वाचत होते.

"उतरले, शून्य," बाईंनी वाचून दाखवले. "पडले, तेवीस. बसलेला वेळ, एक तास अठ्ठावीस मिनिटं. बाकीची विश्रांती." त्यांनी खाली सही केली, तारीख घातली आणि पान फाडून त्यांच्या छातीवर ठेवले. "जे झालं ते लिहिलंय. खोटं मी लिहीत नाही. नियमाप्रमाणे तुम्ही जिंकलात."

"बाई," अधिकारी उताण्यानेच म्हणाले, "सोमवारी मी सूत्र मागे घेतो."

"मागे घेऊ नका," बाई म्हणाल्या. "दुरुस्त करा. वजाच्या जागी अधिक घाला. पोरं करतात ही चूक."

सोमवारी वर्गीकरण अधिकारी लंगडत कार्यालयात आले. रविवार त्यांनी पालथे झोपून टिपण लिहिण्यात घालवला होता. टिपणाचा सारांश असा की चढ आणि उतार यांची वजाबाकी करू नये, बेरीज करावी, फेरी अत्यंत अवघड आहे, फलक बदलावा, प्रकरण सातवे थांबवावे, तळटीप नको. शेवटचे दोन शब्द लिहायला त्यांना संध्याकाळ लागली होती.

संचालक साहेबांनी टिपण बाजूला ठेवले आणि बाईंचे पान वाचले.

"उतरले, शून्य. वा. अभिनंदन."

"साहेब, मी तेवीस वेळा पडलो."

"कार्यालयाच्या प्रपत्रात 'पडले' असा रकाना आहे का?"

"नाही."

"मग पडलात कुठे?"

अधिकाऱ्यांना हा युक्तिवाद ओळखीचा वाटला. त्यांनी पाठीला हात लावून, खुर्चीला न टेकता, पुन्हा एकदा सगळे सांगितले: मुळे, ओढा, खडक, झुडूप, दगडावर बसलेल्या बाई. साहेबांनी ते आस्थेने ऐकले. मधे चहाही मागवला.

"तुमचा प्रामाणिकपणा मला आवडला," ते म्हणाले. "पण अडचण अशी आहे की प्रकरण सातवं मी शनिवारी सकाळीच छपाईला पाठवलं. तुम्ही जंगलात होता तेव्हाच."

"निकाल लागायच्या आधी?"

"माझा तुमच्यावर विश्वास होता."

फलकाबाबत मात्र साहेबांनी तडजोड केली, कारण बाई पुन्हा पत्र लिहितील अशी त्यांना धास्ती होती आणि त्यांची पत्रे चार पानांची असत. पंधरा दिवसांत नवा फलक लागला: 'सपाट (चढ-उतारांसह).' मेहुण्याला तो पसंत पडला. बाईंनी तो नातवाला कडेवर घेऊन पाहिला आणि निघून गेल्या, हे मेहुण्यानेच सांगितले.

मार्गदर्शिका निवृत्तीच्या आठवड्यात आली. गुळगुळीत कागद, हिरवे मुखपृष्ठ. पान एकशे चौदा, तळाशी, बारीक टाइपात नाव. बायकोने चष्मा लावून ते वाचले, मग पुस्तक शोकेसमध्ये आडवे न ठेवता उभे ठेवले. अधिकाऱ्यांनी संध्याकाळी ते काढून आडवे केले. त्यांना रात्रंदिवस एकच गोष्ट दिसत होती: आठ अनोळखी जंगलांत, आठ फेऱ्यांच्या तोंडाशी, आठ फलक रंगवले जात आहेत, आणि पुढे कुठेतरी कुणाची तरी सासू दगडावर बसून आपली छाती चाचपते आहे.

शेवटी निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी ते टेबलाशी बसले आणि त्यांनी आठही वनकार्यालयांना स्वहस्ते पत्रे लिहिली. पान एकशे चौदावर माझे नाव आहे ते सूत्र चुकीचे आहे. मी ते स्वतः तेवीस वेळा पडून तपासले आहे. वजाच्या जागी अधिक वाचावे. कृपया तातडीने कळवावे की आपल्याकडच्या किती सायकलफेऱ्यांचे फलक बदलावे लागतील. प्रत्येक पत्राची एक प्रत त्यांनी बाईंना पाठवली. बाईंनी ती लाल शाईने तपासून, एका ठिकाणी स्वल्पविराम घालून, परत पाठवली.

महिनाभरात आठही कार्यालयांची उत्तरे आली. त्या आठ जंगलांत सायकल न्यायला बंदी आहे.